आंघोळीनंतरचा प्रश्न

पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न विचारायचे, "आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते का?"

कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी झाली का, हे सगळं नंतर. आधी खाज. माणूस पोट धरून वाकलेला असायचा, बरोबरची मंडळी घाबरलेली असायची, आणि हे शांतपणे उत्तराची वाट बघत बसायचे. नांदे गावचे एक बागायतदार एकदा चिडून म्हणाले, "डाक्टर, आमी रोज आंघूळ करतो. गरम पान्यानं." डॉक्टर म्हणाले, "मग उत्तर द्यायला अधिकच सोपं." सूसच्या एका सोसायटीतल्या तरुणाने घरी जाऊन इंटरनेटवर आमच्या दवाखान्याला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, की इथले सर्जन पेशंटच्या आंघोळीची चौकशी करतात. दवाखान्याच्या मालकांनी तो मजकूर छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, खाली पेनने लिहिलं, ‘पण उत्तर दिलेलं नाही,’ आणि कागद परत पाठवला.

मी या दवाखान्यात लॅब सांभाळते. पौड रस्त्यावर, भुकूम सोडलं की उजव्या हाताला. वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर, खाली कँटीन. मालक स्वतः सर्जन आहेत आणि हे त्यांचे गुरू. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातून ते निवृत्त झाल्यावर मालकांनी त्यांना आदराने बोलावलं, आणि मग त्या आदराचं काय करायचं हे मालकांना कळेना. आठवड्यातून चार दिवस ते यायचे. दवाखान्यात पाच डॉक्टर होते, पण नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं की तेच. बाकीच्यांना नावं होती.

त्यांच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर एक बुटकं लाकडी स्टूल असायचं. ते काखेत मारून वॉर्डात शिरायचे आणि खाटेशेजारी त्यावर बसूनच पोट तपासायचे. "पोटाला उभ्याने भेटायचं नसतं," म्हणायचे. "डोक्यावर उभा डॉक्टर बघितला की पोट आवळतं." गार हात लागला तरी पोट आवळतं, म्हणून हात गरम करायची त्यांची वेगळी व्यवस्था होती. कँटीनमधून चहाचा स्टीलचा ग्लास घ्यायचा, तो दोन्ही तळव्यांत धरून जिना चढायचा आणि पेशंटजवळ पोचल्यावर खिडकीत ठेवून द्यायचा. चहा प्यायचे नाहीत. दिवसाला सहा-सात ग्लास तसेच भरलेले, साय धरलेले, वॉर्डाच्या खिडक्यांत सापडायचे.

कँटीन चालवणाऱ्या मावशी भुकूमच्याच. घरची जमीन बिल्डरला गेली होती, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, पण बसून खायला जमत नाही म्हणून त्या पहाटेपासून शेगडीपुढे उभ्या असायच्या. चेहरा लालबुंद, तळहातही लाल. आम्ही म्हणायचो, जाळापुढे उभं राहून. त्यांच्या चहासाठी साइटवरचे सुपरवायझर गाड्या थांबवायचे, आणि हा माणूस त्यावर हात शेकतो, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

"आलं टाकलंय, येलची टाकलीया, आन ह्यो बाबा हात शेकतोय," त्या मला सांगायच्या. "ताई, त्यास्नी म्हनावं, ईट तापवून देते. ती धरा."

डॉक्टरांनी मावशींनाही पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारला होता. कौंटरवर, चहा घेताना. मावशींनी झारा हातात तसाच धरून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई." डॉक्टरांनी मान हलवली आणि ग्लास घेऊन वर गेले.

प्रश्न कशासाठी, हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच समजावलं. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. काही माणसांत तो कारखाना थांबायचं विसरतो. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त पेशी बाहेर पडत राहतात, रक्त दाट होतं, आणि माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला पत्ता नसतो. पत्ता लागतो तो कधी कधी थेट पोटात. आतड्याच्या किंवा यकृताच्या शिरेत गुठळी होते, नाहीतर डाव्या बरगडीखालची प्लीहा वाढते आणि तिचा एखादा कोपरा मरतो. माणूस गडाबडा लोळतो आणि सर्जनला वाटतं अपेंडिक्स.

"आणि पोट उघडलं की यांचं रक्त दोन्हीकडून दगा देतं," डॉक्टर म्हणाले. "नको तिथे गोठतं, हवं तिथे गोठत नाही. आधीपासून एक निरोप मात्र ते कधी कधी पाठवत असतं. आंघोळीनंतरची खाज. विचारायला काय जातं?"

"शंभरातल्या एकालाही नसेल," मी म्हटलं.

"म्हणून तर शंभरांना विचारायचं."

पोट न उघडण्याचा त्यांना अभिमान होता. "उघडायला मी दोन वर्षांत शिकलो," म्हणायचे. "न उघडायला वीस लागली."

त्यांची दुसरी सवय बॉलपेनची. प्लीहेची कड हाताला लागली की ते पेशंटच्या पोटावर निळी रेघ मारायचे आणि शेजारी तारीख घालायचे. पुढच्या वेळी कड कुठे आहे, ते त्या रेघेवरून बघायचं. एक धनगर आजोबा होते. डाव्या बरगडीखाली कळ आली म्हणून मेंढरं माळावर सोडून त्यांना जीपमध्ये घालून आणलं होतं. सगळ्यांना वाटलं आत काहीतरी फुटलं. फुटलं नव्हतं. प्लीहा बेंबीपर्यंत उतरली होती आणि तिच्या एका तुकड्याला रक्त पोचेनासं झालं होतं. माझ्या मशीनवर पांढऱ्या पेशी इतक्या, की तिने आकडा द्यायचंच नाकारलं. डॉक्टरांनी आजोबांना कापलं नाही. सलाइन, दुखण्याचं औषध, पुण्यातल्या रक्तविकाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी, आणि दोन सूचना: मेंढ्याला पोटाशी येऊ द्यायचं नाही, आणि रेघ पुसू द्यायची नाही.

पुण्यात गोळ्या सुरू झाल्या. महिन्याने आजोबा परत आले. डॉक्टर स्टुलावर बसले, चाचपलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. कड रेघेपेक्षा चार बोटं वर गेली होती. त्यांनी मालकांना बोलावलं, मला बोलावलं. मी पोटाकडे बघितलं. रेघ ताजी होती, जाड होती, आणि निळी नव्हती. जांभळी होती.

"आजोबा, ही रेघ कुणी काढली?"

"सुनंनं. रोज गिरवती. डाक्टर म्हनलं, पुसू द्याची न्हाई. पान्यानं जाती, मंग ती गिरवती."

सून दाराशीच उभी होती. "रोज जराशी खाली घसरत आसंल," ती म्हणाली. "त्ये हसत्यात. पोट हलतं."

डॉक्टर इतके हसले, की स्टूल मागे सरकलं. मग पहिल्या सोनोग्राफीशी ताडून पाहिलं. प्लीहा खरंच कमी झाली होती, दोन बोटं. उरलेली दोन सुनेची. तेव्हापासून ते केसपेपरवर सेंटिमीटर लिहायला लागले. रेघ मात्र सोडली नाही.

सर्जन लॅबमध्ये येत नाहीत, फोन करतात. हे यायचे, माझ्या खुर्चीवर बसायचे, मायक्रोस्कोप आपल्या उंचीला करून घ्यायचे आणि तसाच सोडून जायचे. सुरुवातीला मला ते अजिबात आवडायचं नाही. आकडा विचित्र आला, की आम्ही लॅबवाले आधी नमुन्यावर संशय घेतो: ट्यूब नीट हलवली नसेल, रक्त गोठलं असेल. बहुतेक वेळा तेच असतं. डॉक्टरांचं म्हणणं, "बाई, मशीनला खोटं ठरवण्याआधी माणसाला भेटून या." मी म्हटलं, बहुतेक वेळा नमुनाच खराब असतो. ते म्हणाले, "बहुतेक वेळा माझीही गरज नसते."

आता माझी चूक सांगते. ती वगळून त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

मावशी पुढे आजारी पडल्या, त्याच्या आदल्या वर्षी दवाखान्याने बायकांसाठी रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. मंडप, बॅनर, आसपासच्या गावांतली पुढारी मंडळी. शिबिराच्या दिवशी डॉक्टर यायचे नाहीत. जिथे माइक आहे तिथे रक्त काढू नये, असं त्यांचं मत होतं. आमच्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन मला तोंडपाठ आहे: आठ, नऊ, साडेसात, बरं असेल तर अकरा. त्या रांगेत मावशींचं आलं अठरा पॉइंट सहा. मी नमुना परत चालवला. पुन्हा तेच. मला आनंद झाला. दिवसभर कमी आकडे लिहून कंटाळा आलेला असतो, त्यात हा आकडा. मी मंडपात जाऊन सांगितलं, आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की सगळ्यात चांगलं रक्त असलेल्या बाईचा सत्कार करू. शाल, नारळ आणि स्टीलचा तीन पुडांचा डबा. मावशींनी फोटो फ्रेम करून कँटीनमध्ये कौंटरच्या मागे लावला. कुणी विचारलं की सांगायच्या, "रगतात पैला नंबर हाय माजा. अख्ख्या शिबिरात."

डॉक्टर वर्षभर त्या फोटोसमोर उभं राहून ग्लास घ्यायचे. सत्कार कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही, त्यांना सत्कारांत रस नव्हता. आणि मी तो आकडा त्यांना दाखवला नाही. कमी आकड्यांना मी रजिस्टरमध्ये लाल गोल करायचे आणि ते कागद वर जायचे. जास्त आकड्याला गोल करायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

पुढच्या थंडीत मावशींचं पोट दुखायला लागलं. तीन दिवस त्यांनी ओवा खाल्ला, सोडा प्यायला, उलट्या केल्या, घराजवळ कुणाकडून तरी इंजेक्शन घेतलं आणि काम चालू ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गर्दीत, त्या तेलाच्या डब्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत.

वर आणलं तेव्हा पदराचा बोळा दातांत धरून होत्या. ओरडत नव्हत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरने पोट दाबलं, तर मऊ. एक्स-रे साफ. सोनोग्राफीत फुगलेल्या आतड्यापलीकडे काही दिसेना. "गॅस," तो म्हणाला. मालकांना ते पटलं नाही. बाई इतकी तळमळतेय म्हणजे आत काहीतरी सडतंय, उघडून बघू, असं म्हणून त्यांनी थिएटर तयार करायला सांगितलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. मालक चांगले सर्जन आहेत. तेवढ्या माहितीवर दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

डॉक्टर आले ते स्टूल घेऊन, पण ग्लासाशिवाय. कँटीन बंद होतं, चहा कुठला? ते थेट माझ्या लॅबमध्ये शिरले आणि नमुने कोमट ठेवायच्या पाण्याच्या टाकीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांना बाहेर काढलं असतं. त्या दिवशी टॉवेल दिला.

मावशींचा नमुना तेव्हाच मशीनवर होता. हिमोग्लोबिन एकोणीस पॉइंट चार.

"उलट्यांनी सुकल्यात," मी म्हटलं. "अंगातलं पाणी कमी झालं की वाढतं."

"किती वाढतं?"

"थोडंफार."

"थोडंफार म्हणजे किती, बाई?"

ते हात पुसत वॉर्डात गेले. मी मागोमाग गेले.

खाटेशेजारी स्टूल टेकवून ते बसले आणि मावशींच्या पोटावर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मावशी, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते का?"

मालक भिंतीकडे बघायला लागले. स्ट्रेचर धरून उभा असलेला वॉर्डबॉय हसला. मावशींनी पदर दातांतून काढला, "न्हाई" म्हणाल्या आणि पुन्हा धरला.

डॉक्टरांचा प्रश्न विचारून झाला होता, उत्तर मिळालं होतं, आणि त्यांच्याजवळ दुसरा नव्हता. त्यांना असं अडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा मला मंडप आठवला. शिबिराच्या दिवशी मावशींना उलट्या होत नव्हत्या. त्यांनी दोन लाडू खाल्ले होते आणि तिसरा पदराला बांधून घेतला होता. सुकल्या नव्हत्या, तरी अठरा पॉइंट सहा.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हटलं. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा."

मी लॅबवाली. वॉर्डातून कुणाला बाहेर काढायचा मला अधिकार नाही. पण सगळे गेले. मी पडदा ओढला.

"मावशी, खरं सांगा. अंग खाजतं?"

"खाजतं."

"कधीपासून?"

"बारा वर्सं झाली आसतील. गरम पानी पडलं की लाल मुंग्या चावल्यागत. आंघूळ झाली की अर्धा तास घोंगडं घिऊन बसते. कुनाशी बोलत न्हाई."

"मग त्यांना दोनदा नाही का म्हणालात?"

मावशींनी एक कळ जाऊ दिली. "कौंटरवर इचारत्यात का आसं बाईमानसाला? चार गाड्यावालं हुबं हुतं. आन आत्ता ह्यो दात काडतुया. न्हाई तर न्हाई."

मी लॅबमध्ये जाऊन मशीनमधून शिबिराचा त्यांचा रिपोर्ट काढला. हिमोग्लोबिनच्या खाली प्लेटलेटही छापलेल्या होत्या, नऊ लाख. असाव्यात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. शिबिरात मी एकच रकाना वाचला होता. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसले होते. मी कागद हातात दिला.

"खाज आहे. बारा वर्षं. आणि हे गेल्या वर्षीचं. मी दाखवलं नव्हतं."

त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "कँटीनमधला फोटो याचाच?"

"हो."

"काय दिलं?"

"डबा."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्या चुकीबद्दल ते मला आयुष्यात एवढंच बोलले.

मालक थिएटरचे हिरवे कपडे घालून आले. "सर, पोट फुगायला लागलंय. आत्ता नाही उघडलं तर उशीर होईल."

"शिरेत गुठळी आहे. ती कापून निघत नाही."

"आणि आतडं काळं पडलं असलं तर?"

"तर मी चुकलो, आणि बाई वाटेत जाईल," डॉक्टर म्हणाले. "फुगलंय, पण मऊ आहे. कडक होईपर्यंत आपल्याला वेळ आहे. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आत्ता द्या आणि पुण्यात हलवा. स्कॅन तिथेच होईल."

"चांदणी चौकात गाडी अडकली तर?"

"तर मी शेजारी असेन."

मालकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सिस्टरना इंजेक्शन भरायला सांगितलं. तयार थिएटर सोडून देणं सोपं नसतं. त्यांचं मला कौतुक वाटतं.

बरोबर बाईमाणूस हवं म्हणून मी अँब्युलन्समध्ये चढले. डॉक्टर स्टूल घेऊनच चढले आणि मावशींच्या पोटावर हात ठेवून बसले. भूगावच्या अलीकडे डंपरांची रांग लागली होती. दर थोड्या वेळाने डॉक्टर म्हणायचे, "मऊ आहे." कुणाला सांगत होते माहीत नाही.

"डाक्टर, मी मरतीया का?" मावशींनी विचारलं.

"पोट मऊ आहे तोवर नाही."

मावशींनी डोळे मिटले. दुखण्याचं औषध लागू पडत होतं. मी विचारलं, "हा प्रश्न तुम्ही कधीपासून विचारायला लागलात?"

"एका बाईने मी न विचारताच खाजेचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी तिला साबण बदलायला सांगितलं. पुढच्या महिन्यात तिचं पोट मीच उघडलं." आणि थोड्या वेळाने, "मऊ आहे."

चांदणी चौकात अडकलोच. सायरन वाजत होता, समोर कुणाला सरकायला जागाच नव्हती. मावशींनी डोळे न उघडता म्हटलं, "हात गार पडल्यात तुमचं."

डॉक्टरांनी हात काढला, दोन्ही तळवे काखेत घालून दाबून धरले, शंभर आकडे मोजले असतील, आणि परत पोटावर ठेवला. "आता?"

"हां."

स्कॅनमध्ये आतड्याच्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली, थेट यकृताच्या दारापर्यंत गेलेली. इंजेक्शनांनी ती पुढे सरकायची थांबली. दोन दिवसांनी वीतभर आतडं काढावं लागलं, पण तोपर्यंत कुठला भाग मेला आणि कुठला जगणार, हे स्पष्ट झालं होतं, आणि रक्तविकाराचे डॉक्टर शेजारी उभे होते. पहिल्याच दुपारी आमच्याकडे उघडलं असतं, तर किती काढावं लागलं असतं आणि रक्त थांबलं असतं का, सांगता येत नाही, असं मालक स्वतःच मला एकदा म्हणाले.

मावशी तीन महिन्यांनी कँटीनला परत आल्या. आता रोज गोळ्या, आणि ठरावीक दिवसांनी पुण्यात जाऊन रक्ताची एक पिशवी काढून टाकायची. "पैला नंबर काडून घ्याया लागल्यात," त्या सांगायच्या. मी फोटो उतरवा म्हटलं. "का? डबा चांगला हाय," म्हणाल्या.

डॉक्टर हट्टी होते, पण आपली चूक कुठे झाली ते त्यांना कळलं होतं. प्रश्न बरोबर होता, जागा चुकली होती. त्यांनी कौंटरवर, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये विचारणं सोडलं. पुरुषांना पडद्याआड विचारायचे. बायकांच्या वेळी जिन्यातून हाक यायची, "बाई, तुम्ही विचारा." मी विचारते. रक्त काढताना, सुई आत असताना विचारलं की माणूस खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव. आणि लाल गोल आता दोन्हीकडच्या आकड्यांना होतो. कागद मी कुणाबरोबर पाठवत नाही, स्वतः नेऊन दाखवते.

मावशींनी त्यांना चहा द्यायचा बंद केला आणि नुसत्या गरम पाण्याचा ग्लास पुढे केला. "ह्ये धरा. च्या पिनाऱ्याला ऱ्हाऊ द्या." डॉक्टरांनी दोन दिवस पाणी वापरलं आणि तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले. दुधाच्या चहावर साय धरते, त्यामुळे तो जास्त वेळ गरम राहतो, पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकत नाही.

"मंग साय तरी खावा," मावशी म्हणाल्या आणि चहा परत सुरू झाला.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांचे गुडघे गेले. स्टुलावर बसता यायचं, पण उठवायला दोन माणसं लागायची. उभ्याने तपासणार नाही, म्हणाले, आणि काम थांबवलं. निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्येच झाला, शाल-नारळाशिवाय, ही त्यांची अट होती. मालक बोलले. त्यांना बोलता येत नाही, तरी बोलले. डॉक्टर कौंटरपाशी खुर्चीत, हातात भरलेला ग्लास धरून बसले होते. भाषण संपलं, तेव्हा मावशींनी फडक्याला हात पुसले.

"डाक्टर, तुमाला सुटती का हो खाज? आंघुळीनंतर?"

सगळे हसले. साइटवरचे दोन सुपरवायझर उभे होते, तेही हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि प्रश्नाचा नीट विचार केला, आयुष्यभर पेशंटांनी करावा अशी त्यांची इच्छा होती तसा.

"नाही," ते म्हणाले. "पण मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"न्हाई तर आमीबी म्हनलो हुतो," मावशी म्हणाल्या. "ताईला रगत दिऊन जावा."

मी तिथेच त्यांची बाही वर केली. नमुना घेऊन वर गेले, मशीनवर लावला. हिमोग्लोबिन तेरा पॉइंट एक. प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. बाकीचे रकानेही एकेक करून वाचले. गोल करण्यासारखं काही नव्हतं. तरी कागद घेऊन जिना उतरले आणि त्यांच्या हातात दिला.